वळच्या पेल एलची पारख

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला कापसाचा भुगा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं होतं. कुठून आला, कधी बसला, कुणी पाहत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. चार माणसं दर रविवारी एकाच जागी बसायला लागली की ते आपोआप साचतात. मधूनमधून झटकावे लागतात, नाहीतर खोकला होतो.

आज आमच्या बीअर कमिटीचे झटकतो.

मी सुताचा दलाल. म्हणजे दिवसभर दोन्ही पार्ट्यांना वेगवेगळं सांगणं हा माझा धंदा. पण किस्से सांगताना मी धंदा करत नाही. थोडं तिखटमीठ पडतं, ते दलालीत धरा.

तर भिवंडीजवळच्या वळ गावात हरेश पाटील नावाचा आमचा दोस्त आहे. वयाने आमच्यापेक्षा बराच लहान. त्याच्या वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणतं. पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती तिथे आता गोडाऊनच्या गाळ्यांची रांग आहे. आप्पा रांगेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. पूर्वी बांधावर बसून पाखरं हाकायचे, आता खुर्चीत बसून ब्रोकर हाकतात.

हरेश बंगळूरला इंजिनिअरची नोकरी करायला गेला आणि बीअर बनवायला शिकून परत आला. सगळे परवाने काढले, रांगेतल्या शेवटच्या गाळ्यात स्टीलच्या टाक्या बसवल्या आणि पेल एल नावाची बीअर गाळायला लागला. पिवळसर, जरा गढूळ आणि कडू. बाकीची सगळी रांग एका कुरियर कंपनीने भाड्याने घेतलेली. त्यांचा डोळा या शेवटच्या गाळ्यावर.

आप्पांनी हरेशला एकच गोष्ट सांगितली होती. "दिवालीपर्यंत गावाबाहेरचा एक तरी पक्का गिऱ्हाईक आन. न्हाय आनलास तं गाला कुरियरवाल्याचा. मंग तुझ्या टाक्या घराव ने, पानी भरून ठेवाला होतील."

आता गावाबाहेरचं गिऱ्हाईक आणायचं तर माल आधी गावात पास व्हायला पाहिजे. त्यासाठी हरेशला तीन जिभा पाहिजे होत्या. त्याला आम्ही मिळालो. पोराचं नशीबच तसं.

\*

कमिटीतले बाकीचे दोघे सांगतो. एक दळवी सर. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यात कुणाला पूर्ण मार्क दिले नाहीत, स्वतःच्या मुलीलाही नाहीत. दुसरे कय्यूमभाई. त्यांचे पॉवरलूम आहेत, माझ्याकडून सूत घेतात, आणि ते दारूला हात लावत नाहीत.

"मग तुम्ही कमिटीत कसे?" हरेशने विचारलं.

"पीने का काम इन दोनों को दो," कय्यूमभाई म्हणाले. "मुझे सूँघने की ड्युटी दे दो. और इनको घर कौन छोड़ेगा?"

म्हणजे आमच्या परीक्षक मंडळात एक नाक, दोन जिभा आणि एक ड्रायव्हर. नाक आणि ड्रायव्हर एकच.

पहिल्या रविवारी हरेशने समोर ग्लास ठेवले आणि लेक्चर सुरू केलं. आधी रंग बघायचा. मग ग्लास हलवून वास घ्यायचा. मग छोटा घोट, तो तोंडात फिरवायचा. तो 'फिरवायचा'पर्यंत येईस्तोवर माझा ग्लास रिकामा झाला होता. मला वाटलं प्रस्तावना चालू आहे.

दळवी सर मात्र घरून अभ्यास करून आले होते. त्यांनी घोट घेतला, दोन्ही गालांत खळखळवला, उठून मोरीपाशी गेले आणि डेंटिस्टकडे थुंकतात तसा थुंकले.

"सर, ते वाइनला," हरेश म्हणाला. "बीअर गिळायची असते. कडूपणा घशात कळतो."

सर परत येऊन बसले. रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "पेपर हातात देण्याआधी सूचना वाचून दाखवायची पद्धत असते. मला तो घोट परत पाहिजे."

\*

दुसऱ्या रविवारी सर मोबाइलवरून शब्द पाठ करून आले. परीक्षक म्हटला की शब्द पाहिजेत, असं त्यांचं मत.

ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लिंबूवर्गीय सुगंध. मागे किंचित मध. आणि दूरवर पाइनच्या जंगलाचा भास."

कय्यूमभाईंनी विचारलं, "सर, पाइन का जंगल आपने किधर देखा?"

"मनालीला. हनिमूनला गेलो होतो."

"फिर तो भास ही होगा. चालीस साल हो गए."

आता नाकाची पाळी. कय्यूमभाईंनी ग्लास हुंगला, खाली ठेवला, पुन्हा हुंगला. "कच्चा आम है. और नीचे साइझिंग की बू है."

साइझिंग म्हणजे लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात ते. मोठ्या कढईत स्टार्च शिजत असतो, त्याचा एक उबट वास त्या अख्ख्या गल्लीला असतो. मला वाटलं हरेशला राग येईल. त्याच्या बीअरला खळीची उपमा. पण तो टाकीकडे पळाला, झाकण उघडून वास घेतला आणि ओरडला, "बरोबर हाय. धान्य जास्त शिजलं."

दळवी सर दुखावले. "मी मध म्हणालो होतो, तोही धान्याचाच गुण आहे."

"सर," मी म्हटलं, "तुमचं उत्तर चुकलं, पण स्टेप्सचे मार्क घ्या."

तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसत नाहीत. समोर बसतात, म्हणजे बघता येतं.

\*

मग आला तो चटणीचा रविवार.

कय्यूमभाईंना वाटलं, आपण नुसते हुंगतो, हे काही बरं दिसत नाही. म्हणून ते घरून सीख कबाब घेऊन आले. कागदात गुंडाळलेले, गरम, सोबत हिरव्या चटणीची पिशवी. त्यांच्या घरची ती चटणी एकदा खाल्लेला माणूस जन्मभर तारीख लक्षात ठेवतो.

आम्ही आधी कबाब खाल्ले. मग परीक्षण केलं.

त्या दिवशीच्या बॅचबद्दल आमचं तिघांचंही एकमत झालं, हे इतिहासात पहिल्यांदाच. मी म्हटलं, जीभ भाजते. सर म्हणाले, "शेवटाला तिखट चरचर. कानापर्यंत." कय्यूमभाई म्हणाले की वासातसुद्धा मिरची आहे. त्यांच्या बोटांना ती लागलेली होती आणि ग्लास त्यांनी नाकाखाली त्याच बोटांनी धरला होता, हे कुणाच्या लक्षात यायचं.

हरेश हादरला. पाणी तपासलं. टाकी खरवडून धुतली. बंगळूरच्या त्याच्या गुरूला फोन लावला, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की बीअरमुळे नाक गळतं. पोराने पूर्ण बॅच नाल्यात ओतली. दिवाळी जवळ येत होती आणि इथे माल गटारात.

पुढच्या रविवारी पुन्हा कबाब आले, पुन्हा चटणी आली, पुन्हा चरचर आली. या वेळी हरेश ग्लास न घेता नुसता आमच्याकडे बघत बसला. मग उठला, चटणीची पिशवी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

परत आला तेव्हा सर म्हणाले, "आता बरी लागते आहे. काय बदललंस?"

\*

जवळच वडपे गावापाशी हायवेवर परमिट रूमवाला एक हॉटेलमालक आहे. वळच्या बाहेरचा, म्हणजे आप्पांच्या हिशेबात बसणारा. त्याला मीच घेऊन आलो. दलालाची खुमखुमी.

त्याने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. "ही गढूळ आहे."

"फिल्टर न केलेली आहे," हरेश म्हणाला. "पेल एल अशी असते."

"आणि तळाला गाळ आहे."

"ते यीस्ट आहे. त्यामुळेच तर बीअर बनते. जिवंत असतं ते."

हॉटेलवाल्याचा हात तोंडाशी थांबला. "जिवंत म्हणजे?"

हरेशला बोलायची संधी मिळाली की तो थांबत नाही. यीस्ट कसं साखर खातं, कसं वाढतं, एकाचे दोन कसे होतात, पोट भरलं की तळाशी जाऊन कसं झोपतं, सगळं त्याने अगदी मायेने सांगितलं. घरच्या लेकरांबद्दल सांगावं तसं.

हॉटेलवाल्याने ग्लास हळूच खाली ठेवला, न सांडता. "आज सोमवार आहे पाटील. सोमवारी मला दारू चालते. जिवंत काय चालत नाय."

रविवारीच आणायला पाहिजे होता. पण रविवारी त्याच्या हॉटेलात गर्दी असते. गिऱ्हाईक गेलं ते गेलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगा चांगला आहे. त्याला सांगा, मारून विकत जा."

\*

मध्ये एकदा मुंबईहून एक जोडपं आलं. खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारे. हरेशची आशा अशी की हे बोलले तर गिऱ्हाईक आपोआप चालत येईल.

त्यांनी ग्लास भरून घेतला आणि शूटिंग सुरू केलं. आधी खिडकीत. मग टाकीवर. मग टाकीशेजारी. तोवर फेस बसला. पुन्हा भरा. पुन्हा खिडकीत. मग तिने ग्लास धरला, त्याने शूट केलं, मग त्याने धरला, तिने शूट केलं. फेस बसला. पुन्हा भरा. न प्यायलेले ग्लास ओट्यावर साचायला लागले. कमिटीने ते वाया जाऊ दिले नाहीत. त्या दिवशी कमिटीने फार मनापासून काम केलं.

शेवटी त्याने एक घोट घेतला. अर्धाच. कॅमेऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला की या ओसाड औद्योगिक पट्ट्यात, जिथे काहीच उगवत नाही, तिथे हे एक आश्चर्य उगवलं आहे.

कय्यूमभाईंना इंग्रजी समजत नाही असं लोकांना वाटतं. कय्यूमभाई तसं वाटू देतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "बेटा, ओसाड? आते टाइम ट्रैफिक में दोपहर किधर गई तुम्हारी?"

व्हिडिओ आला. तो पाहून कुणी आलं नाही. ओसाड भागात कोण येतं?

\*

आता जरा गंभीर गोष्ट. याला किस्सा म्हणावं की गुन्हा, तुम्ही ठरवा.

पावसाळा संपता संपता हरेशने एक बॅच केली. मी घोट घेतला. मला बीअरमधलं काही कळत नाही, पण माल कळतो. कडूपणा होता, पण कडू औषधाचा नव्हता, कोवळ्या कारल्याचा होता. मागून संत्र्याची साल. गिळल्यावर तोंड कोरडं होऊन लगेच दुसरा घोट मागत होतं.

मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "फेस जाड आहे. रंग फिका आहे. आणि गार जरा जास्त केलीस."

कय्यूमभाईंनी हुंगली. त्यांचे डोळे चमकले ते मी पाहिलं. म्हणाले, "बू तेज़ है. संतरा थोड़ा कम होता तो... और ग्लास भी ठीक नहीं तुम्हारा."

हरेश हिरमुसला. आम्ही सांगितलं ते सगळं त्याने बदललं. संत्र्याची साल घालवली, रंग गडद केला, फेस पातळ केला. पुढची बॅच आली. ती पिऊन मला माझ्या साखरपुड्यातलं सरबत आठवलं. मी म्हटलं, "छान."

कय्यूमभाई म्हणाले, "अच्छी है. बहुत अच्छी है."

हरेश खूश. त्याने तीच बॅच दुप्पट केली. आम्ही पुन्हा 'छान' म्हटलं आणि लवकर निघालो. असे दोनतीन रविवार गेले. टाक्या त्या सरबताने भरल्या आणि बाहेरचा कुणी माणूस दुसरा ग्लास मागेना.

शेवटी दळवी सरांनीच तोंड उघडलं. ते आमच्या धंद्यातले नाहीत. म्हणाले, "हरेश, ही नापास आहे. पावसाळ्यातली होती तिला मी मनातल्या मनात अठ्ठ्याहत्तर दिले होते. माझ्या हातून कुणाला एवढे गेले नाहीत. ती का सोडलीस?"

"यांनी खोडी काढल्या म्हणून."

मग हरेश माझ्याकडे वळला. "काका, खरं सांगा. तुम्हाला माल आवडला की तुम्ही काय म्हणता?"

"आवडला की खोड काढतो," मी म्हटलं. "आवडला असं तोंडावर सांगितलं तर समोरचा भाव वाढवेल. जितका जास्त आवडला तितक्या जास्त खोडी. तीस वर्षं सूत असंच घेतलं मी."

"आणि नाही आवडला तर?"

"मग छान म्हणतो, चहा पितो आणि निघतो. घ्यायचाच नाही तर कशाला कुणाचं मन दुखवायचं?"

हरेशने कय्यूमभाईंकडे पाहिलं. कय्यूमभाई टाकीवरचा गेज वाचत होते.

"मी तुम्हाला विकत नव्हतो काका," पोरगा म्हणाला. "फुकट पाजत होतो."

हे खरं होतं. पण सवयीला काय माहीत, ग्लास फुकटचा आहे की विकतचा?

त्या दिवसापासून हरेशने आमची भाषा उलटी वाचायला सुरुवात केली. मी 'छान' म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मी तीन खोडी काढल्या की तो शीळ घालायचा. सरांचं मात्र सरळ वाचायचं. एका टेबलावर दोन लिप्या. पण पावसाळ्यातली चव परत आली, आणि त्या रविवारी मी इतकं काही वाईट बोललो की हरेशने आनंदाने मला चौथा ग्लास दिला.

\*

तोवर दिवाळी तोंडावर आली होती. आणि तेव्हाच ठाण्याहून एक मॅडम आल्या. त्यांची दोन रेस्टॉरंट. स्वतः गाडी चालवत आल्या, गोडाऊनच्या ट्रकांमधून वाट काढत. हरेशने कपडे इस्त्री केलेले. आम्हाला त्याने हात जोडून सांगितलं होतं, "तुम्ही फक्त बसा."

मॅडमनी रंग पाहिला, वास घेतला, घोट घेतला. मग दुसरा घोट. म्हणाल्या, "मस्त आहे. मला दर आठवड्याला लागेल. तुमचा जो रेट असेल तो सांगा, मला चालेल."

मी आणि कय्यूमभाईंनी एकमेकांकडे पाहिलं.

तुम्ही भिवंडीतले नसाल तर सांगतो. जी पार्टी खोड काढत नाही, रेट विचारत नाही, पहिल्या शब्दाला हो म्हणते, त्या पार्टीला पैसे द्यायचेच नसतात. म्हणून तर तिला रेटशी देणंघेणं नसतं. अशा गोड पार्ट्यांनी आमच्या मार्केटमधले भलेभले झोपवले आहेत.

कय्यूमभाई पुढे सरकले. "मॅडम, ज़रा ठीक से देखिए. कुछ तो कमी होगी."

"नाही, छान आहे."

'छान' शब्द ऐकून मला घाम फुटला. मी म्हटलं, "मॅडम, फेस बघा. जाड नाही वाटत?"

"फेस उत्तम आहे."

"कडू नाही?"

"कडूच पाहिजे ना?"

हरेश मागून मला खुणा करत होता. मला वाटलं, तोही घाबरला आहे. मी म्हटलं, "मॅडम, ठाण्यात तुम्हाला ओळखणारी एखादी जुनी पार्टी सांगा. आम्ही जरा विचारून घेतो."

कय्यूमभाई म्हणाले, "बुरा मत मानिए. आप माल की इतनी तारीफ़ कर रही हैं, हमको डर लग रहा है."

मॅडमनी ग्लास ठेवला. हरेशला म्हणाल्या, "मी कळवते." गाडी गेली. कळवलं नाही.

हरेशने मॅडमचा ग्लास धुऊन उपडा ठेवला. मग म्हणाला, "काका, ती माझी पहिली पार्टी होती. आणि शेवटची."

दळवी सर आम्हाला म्हणाले, "तुम्ही दोघे मूर्ख आहात." गणिताच्या माणसाला व्यवहार कळत नाही. माझं आजही मत आहे, बाई संशयास्पद होती.

\*

आता शेवटचा.

दिवाळीच्या अगदी आधीच्या दिवसांत कुरियर कंपनीचा साहेब आला. तरुण माणूस, हातात लाल ठिपका टाकून माप घेणारं मशीन. सकाळपासून आप्पा त्याला रांगेभर फिरवत होते. गाळ्याची तारीफ करत होते. अख्ख्या वलात असा गाला न्हाय, ट्रक थेट दारात लागतं, पत्रा नवा, जमीन कोरडी. साहेब मान डोलवत होता.

आम्ही तिघे टाक्यांपाशी बसलो होतो. कुणाच्या घरी सांत्वनाला बसतात तसे. हरेशने शेवटची बॅच काढली होती. ग्लास भरलेले होते आणि कुणी उचलत नव्हतं. टाक्या कुठे ठेवायच्या यावर दळवी सरांचं आपल्या टेरेसचं माप सांगून झालं होतं.

गाळ्यात टाक्या बसल्यापासून आप्पांनी उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी साहेबाला आतून दाखवायचं म्हणून आले. टाक्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. ऊन मी म्हणत होतं. साहेब मशीन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरायला लागला आणि आप्पा हरेशजवळ येऊन उभे राहिले.

"काय बनवतंस ता तं दे मना. जाता जाता बगू."

हरेशने ग्लास दिला. आप्पांनी रंग पाहिला नाही, वास घेतला नाही. उभ्याउभ्या एक मोठा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मिशीला फेस लागला. मग आणखी एक घोट घेतला आणि टाकीच्या अंगावर दोन बोटं वाजवून बघितली, कलिंगडावर वाजवतात तशी.

"आप्पा, कशी आहे?" दळवी सरांनी विचारलं.

आप्पांनी तिसरा घोट घेतला. ग्लास अर्धा झाला होता.

साहेब हसत परत आला. "पाटील साहेब, एकदम परफेक्ट. हमको पसंद है. कल पेपर बनवा लेते हैं."

आप्पांनी मनगटाने मिशी पुसली आणि वर छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पसंद हाय? नीट बगलास का? पत्रा गलतं."

साहेब थबकला. "गलतं मतलब?"

"टपकता है, पानी," कय्यूमभाईंनी मदत केली.

"आनी पावसान रस्त्याव पानी भरतं," आप्पा म्हणाले. "तुजे टेम्पो पवतील. मागं नाला हाय. साप येतान."

"आप्पा, पत्रा तर मागच्याच वर्षी नवा—" दळवी सरांनी सुरुवात केली. कय्यूमभाईंनी त्यांच्या चपलेवर पाय ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"जमीन बी खचलेय. त्या तितं, बग. टाकी हाय म्हनून दिसत न्हाय. उंदीर तं लई हान. तुझी पार्सलां खातील."

साहेबाने मशीनकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं. "लेकिन पाटील साहेब, सुबह तो आप बोल रहे थे, पूरे गाँव में ऐसा गाला नहीं है."

आप्पांनी ग्लास संपवला. साहेबाकडेच बघत त्यांनी रिकामा ग्लास बाजूला, हरेशच्या दिशेने धरला.

"सकाली मी आतमंदी आलू नवतू."